विश्रांती : दोन मिनिटे

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. मित्रांनो, तुमच्या शाळेच्या अडगळीच्या खोलीत, फाटक्या नकाशांच्या गुंडाळ्या आणि एका पायानं अधू झालेलं स्टूल यांच्या मधोमध मी बसलेला असतो. मधल्या सुट्टीत तुमच्यातले काही जण गुपचूप आत येता, माझी बटणं खटाखट दाबता, माझ्या तोंडाशी तोंड आणून गाढवासारखं ओरडता आणि धूम ठोकता. मला राग येत नाही. उलट बरं वाटतं. माझ्यासमोर बसून मोठ्यानं ओरडण्याची हिंमत इतक्या वर्षांत एकाही माणसाला झाली नव्हती.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. जाड भिंगाच्या चष्म्याच्या एका बाईंनी चिमट्यानं माझे सुटे भाग बसवले. मी नीट ऐकतो का, हे पाहायला त्या "एक, दोन, तीन" म्हणणार होत्या. पण त्यांना सर्दी झाली होती. त्यामुळे माझ्या आयुष्यातला पहिला आवाज म्हणजे एक सणसणीत शिंक! ती मी जशीच्या तशी परत ऐकवली आणि सगळ्या रांगेत हशा पिकला. तेव्हापासून माझा एक स्वभाव झाला. जे ऐकलं ते तसंच सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही.

मी साधासुधा गाणी वाजवणारा नव्हतो बरं का. मला दोन तोंडं होती. एकाच वेळी दोन कॅसेटी भरायच्या, अगदी सारख्या. अशी यंत्रं फक्त सरकारी कचेऱ्यांत जातात. मी ज्या कचेरीत गेलो, तिथं दुसऱ्या देशांतून जीव मुठीत धरून आलेली माणसं येत. "आम्हाला इथं राहू द्या, परत पाठवलंत तर आमचं काही खरं नाही," असं ती सांगत. याला आश्रयाचा अर्ज म्हणतात. त्यांना चार नंबरच्या खोलीत बसवून मुलाखत घेत आणि ती मी टिपून ठेवत असे. एक कॅसेट कचेरीची, दुसरी अर्जदाराची. दोघांजवळ एकच खरं असावं, पुढं कुणाला शब्द फिरवता येऊ नये, म्हणून ही तजवीज.

चार नंबरच्या खोलीला खिडकी नव्हती. भिंतीवर घड्याळ नव्हतं; अर्जदाराचं लक्ष तिकडं जातं म्हणून ते काढून टाकलं होतं. टेबल जमिनीला स्क्रूनं जखडलेलं, त्याभोवती तीन खुर्च्या, कागदी रुमालांचा खोका, पाण्याचा जग आणि मी. माझ्या कपाळावर लाल दिवा होता. तो लागला की समजायचं, बोललेलं टिपलं जातंय.

माझे पहिले साहेब त्याच खोलीत पुढं केस पिकेपर्यंत राहिले. अंगानं स्थूल, बोलण्यात मवाळ. घरून थर्मासमधून चहा आणायचे आणि दुपारपर्यंत तो गार करून मग प्यायचे. त्यांच्या उजव्या हाताला बसायचे ते दुभाषी. पूर्वी कुठंतरी शाळेत शिकवत होते म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. अर्जदार बोलले की मास्तर वहीत भराभर खुणा करत आणि मग साहेबांना त्यांच्या भाषेत सांगत. मुलाखत संपली की वहीतली ती पानं कापायच्या यंत्रात घालून त्यांचा भुगा करायचा, असा नियमच होता. कचेरी म्हणे, टेप आहे की! मग कागद कशाला?

मित्रांनो, तेव्हा माझा काय थाट होता! एका सुताराच्या मुलाखतीतलं एक अख्खं वाक्य टायपिस्टकडून गळालं आणि त्याचा अर्ज फेटाळला गेला. वरच्या मजल्यावर अपिलाच्या सुनावणीत त्याची कॅसेट वाजवली, तेव्हा ते वाक्य खणखणीत ऐकू आलं. सुतार राहिला. न्यायाधीशबाई म्हणाल्या, "माणसं चुकतात, यंत्र खोटं बोलत नाही." झालं! मी पुरता हरभऱ्याच्या झाडावर चढलो. शिपाई मला मऊ ब्रशनं पुसू लागला. माझ्यावर फुलदाणी ठेवायची नाही, अशी चिठ्ठीही लागली.

आता ज्यासाठी मी हे सगळं सांगायला बसलो, ते सांगतो.

साहेबांना एक सवय होती. समोरचं माणूस रडू लागलं की ते हळूच म्हणत, "टेप थांबवतो हं," आणि माझं बटण दाबत. माणसाचं रडणं फाइलला कशाला लावायचं, असं त्यांचं म्हणणं. दिवा विझायचा. पाणी द्यायचे, रुमालांचा खोका पुढं सरकवायचे, आणि माणूस सावरलं की दिवा पुन्हा लागायचा. किती चांगला माणूस, असं मलाही वाटे.

पण असं थांबवलं की ते एका तक्त्यात लिहावं लागे. विश्रांती पाच मिनिटांहून मोठी असली तर वेगळा फॉर्म, त्यावर कारण, त्यावर वरिष्ठांची सही. वरिष्ठ कधी जागेवर सापडायचे नाहीत. म्हणून त्या कचेरीत सगळ्यांनीच एक सोपा रिवाज पाडला होता. कुणी अर्धं मिनिट रडो की पाव तास, तक्त्यात लिहायचं, 'विश्रांती : दोन मिनिटे'. शेकडो फायली, आणि सगळीकडे दोनच मिनिटं! मला मनातून खटकायचं. पण माझा आकडा फिती फिरल्या तरच फिरतो. फिती थांबल्या की तोही थांबतो. मी कुणाच्या तोंडाला तोंड देणार?

एके सकाळी एक परिचारिका आली. तिशी नुकतीच ओलांडलेली, पाठ ताठ, हात मांडीवर घट्ट धरलेले. तिची सासू तिच्यासोबतच या देशात आली होती. पण नियमाप्रमाणे कुटुंब म्हणजे नवरा-बायको आणि त्यांची लहान मुलं. सासू आणि सून म्हणजे दोन वेगळ्या फायली. म्हातारीची मुलाखत आदल्याच दिवशी झाली होती. तीत तिनं सुनेचीच तक्रार जास्त केली होती. "ही नीट जेवत नाही, साहेब. हिला तुम्ही तरी सांगा. माझं ऐकेल तर शपथ." मास्तरांनी ते भाषांतर करता करता हसू दाबलं होतं.

सून मात्र मोजकंच बोलली. ती गावच्या इस्पितळात कामाला होती. नवरा तिथंच रुग्णांची गाडी चालवायचा. एक दिवस बंदूकवाले आले आणि नवऱ्याला घेऊन गेले. तो परत आला नाही.

"ते तुमच्या मागे का लागतील?" साहेबांनी विचारलं. "नेलं तर त्यांना नेलं ना?"

मग तिचे खांदे हलू लागले. साहेब म्हणाले, "टेप थांबवतो हं," आणि बटण दाबलं. त्यांनी तिला पाणी दिलं. तिनं ग्लास हातात धरला, प्यायली नाही, आणि एकाएकी बोलू लागली.

मित्रांनो, दिवा विझला म्हणजे मी बहिरा होत नाही. ऐकू सगळं येतं, फक्त धरून ठेवता येत नाही. ती म्हणाली, तिच्या वॉर्डात गोळी लागलेला एक माणूस होता. तिनं त्याला खोट्या नावानं दाखल करून लपवलं होतं. बंदूकवाल्यांनी तिच्या नवऱ्याला भिंतीशी उभं केलं आणि म्हणाले, तो कुठं आहे ते सांग, नाहीतर हा गेला. "मी सांगितलं. नऊ नंबरची खाट म्हणून सांगितलं. तो झोपला होता हो. मीच त्याला झोपेचं औषध दिलं होतं." त्यांनी त्या माणसाला नेलं आणि नवऱ्यालाही नेलं. आता त्या रुग्णाचे भाऊ तिला शोधत होते, कारण तिनं दाखवून दिलं. आणि बंदूकवालेही शोधत होते, कारण तिनं त्यांचे चेहरे पाहिले होते. "सासूबाईंना यातलं काही माहीत नाही," ती म्हणाली. "त्यांना सांगू नका. मला कुणापुढे तोंड दाखवायला जागा नाही."

मास्तरांनी तिचं शेवटचं वाक्यही साहेबांना सांगून संपवलं. साहेबांनी चष्मा काढून पुसला. नंतर सहज त्यांची नजर माझ्याकडे गेली.

"अरेच्चा! हे बंदच राहिलं."

मास्तर हळूच म्हणाले, "साहेब, परत विचारू या का?"

साहेबांनी तिच्याकडं पाहिलं. ती रुमालाचे बारीक बारीक तुकडे करत बसली होती. "नको हो. एकदा बोलली तेच किती झालं. पुन्हा नको तिला तिथं उभं करायला. मी माझ्या टिपणात लिहितो सगळं."

त्यांनी दिवा लावला, दोन साधे प्रश्न विचारले आणि मुलाखत संपवली. मास्तरांच्या वहीतली पानं नियमाप्रमाणे यंत्रात गेली. पुढचा अर्जदार दाराशी उभाच होता, त्यामागं आणखी दोघं. साहेबांनी तक्ता ओढला आणि सवयीनं लिहिलं, 'विश्रांती : दोन मिनिटे'. टिपण संध्याकाळी लिहू म्हणाले. संध्याकाळी त्यांना दाढेच्या डॉक्टरकडे जायचं होतं. टिपण राहून गेलं ते गेलंच.

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी कुठंही शपथेवर सांगेन. म्हणूनच तर इतका जीव जळतो. मनात कपट असतं तर मी त्यांना दोन शिव्या हासडून मोकळा झालो असतो.

त्याच सुमारास देशात हवा बदलली. बाहेरची माणसं फार झाली, दारं आवळा, अशी ओरड सुरू झाली. वरून नवा आदेश आला : जी गोष्ट पहिल्या मुलाखतीत सांगितली नाही ती नंतर सांगितली, तर रचलेली समजावी. आदेश आला तेव्हा साहेबांनी तो मोठ्यानं वाचून दाखवला आणि थर्मासचं झाकण उगाच दोनदा उघडलं, मिटलं.

म्हातारीला परवानगी मिळाली. वय झालेलं, मुलगा गेलेला, तिकडं पाहणारं कुणी नाही, असं कारण. सुनेचा अर्ज फेटाळला. नवऱ्याचं वाईट झालं, पण तुम्हाला स्वतःला काय धोका आहे ते दिसत नाही, असं पत्र होतं. तिनं अपील केलं. वकिलानं खोदून खोदून विचारलं तेव्हा कुठं तिनं नऊ नंबरच्या खाटेची गोष्ट कागदावर आणली. आणि सरकारनं उत्तर दिलं, ही नवीन गोष्ट आहे, पहिल्या वेळी सांगितलेली नाही.

सुनावणीसाठी मला खोक्यात घालून तिसऱ्या मजल्यावर नेलं. न्यायाधीशबाई त्याच, यंत्र खोटं बोलत नाही म्हणणाऱ्या. कॅसेट लावली. "ते तुमच्या मागे का लागतील?" असा साहेबांचा आवाज आला. मग हुंदका. मग खट्. आणि लगेच, "आता बरं वाटतंय का? तुमचं शिक्षण कुठं झालं?" तिचं सगळं बोलणं त्या एका खट्मध्ये गडप झालं होतं. मी यंत्र असून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सुनेला उठवलं. सासू मागच्या बाकावर बसली होती. तिच्यादेखत सुनेला सगळं पुन्हा सांगावं लागलं, भिंत, खाट, झोपेचं औषध. सांगताना तिनं मागं वळून पाहिलं नाही. ती बसायला परत आली तेव्हा म्हातारीनं तिचा हात ओढून आपल्या हातात घेतला.

"माझ्या पोरासाठी बोललीस ना?" ती म्हणाली. "आणि हे पोटात घेऊन एकटी बसलीस होय इतके दिवस? म्हणून घास उतरत नव्हता. मी मेली उगाच तुला बोलत बसले."

"आई, गप्प बसा ना," सून म्हणाली आणि तोंड झाकून घेतलं.

मास्तरांना बोलावलं. ते म्हणाले, "सांगितलं होतं त्यांनी. मी स्वतः भाषांतर केलंय." सरकारी वकिलानं विचारलं, तुमच्या वहीतलं पान दाखवा. पान कुठलं? भुगा. मग विचारलं, तुम्ही महिन्याला किती मुलाखती करता? साठ, मास्तर म्हणाले. आणि तुम्ही त्यांच्याच देशाचे, नाही का? हो, मास्तर म्हणाले. त्यांचा शब्द तिथंच पडला.

शेवटी साहेब. त्यांच्यासमोर तक्ता ठेवला. न्यायाधीशबाईंनी विचारलं, "ही विश्रांती दोनच मिनिटांची होती का? नीट आठवून सांगा. दोन मिनिटांत एवढं सगळं सांगून होत नाही, आणि भाषांतर तर नाहीच."

मित्रांनो, साहेबांना सगळं आठवत होतं. हातातल्या पेनाचं टोपण ते उगाच उघडत, मिटत होते, त्या दिवशीच्या थर्मासच्या झाकणासारखं. पण दोन मिनिटं खोटी म्हटलं तर उरलेल्या शेकडो फायलींतली दोन मिनिटंही खोटी ठरणार. सगळी कचेरी गोत्यात येणार. त्यांच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. कोपऱ्यात वरिष्ठ बसले होते. नेमके त्या दिवशी मात्र सापडले होते.

"जे लिहिलंय ते बरोबर आहे," साहेब म्हणाले.

सुनावणी संपली. न्यायाधीशबाई आत कागद आवरत होत्या. साहेब मला दोन्ही हातांत धरून बाहेर आले. व्हरांड्यात म्हातारी उभी होती, शेजारी मास्तर. तिनं माझ्याकडं बोट दाखवलं आणि मास्तरांकरवी विचारलं, "हे आत्ता चालू आहे का?"

"नाही, आजी. वायरसुद्धा लावलेली नाही."

"मग मला खरं सांगा. माझ्या सुनेनं तुम्हाला तेव्हा सांगितलं होतं का नाही?"

साहेबांनी माझ्या झाकणाकडं पाहिलं. "सांगितलं होतं," ते म्हणाले. "सगळं सांगितलं होतं. मी ऐकलं."

मला वाटलं, म्हातारी आता गळा काढेल, शिव्याशाप देईल. पण नाही. तिनं साहेबांची बाही धरली. दार दहा पावलांवर होतं, अजून उघडंच होतं, आणि आतला दिवा चालू होता.

"मग चला ना परत आत," ती म्हणाली. "एवढंच जाऊन सांगा. मी येते तुमच्याबरोबर."

साहेबांची छाती वरखाली होताना मला जाणवत होती. त्यांनी दाराकडं पाहिलं. मला वाटलं, चालले! खरंच वाटलं. मग त्यांनी मला एका हातात घेतलं, दुसऱ्या हातानं तिची बोटं बाहीवरून हळूच सोडवली आणि ते जिन्याकडं वळले.

पुढं सुनेला परत पाठवलं. जायच्या दिवशी म्हातारी तिच्याबरोबर निघायला गाठोडं बांधून बसली होती. सुनेनं ते सोडून कपडे पुन्हा कपाटात लावले आणि "आई, तुम्ही इथं आहात एवढंच माझं आता शिल्लक आहे," असं म्हणाली. हे मला मास्तरांच्या बोलण्यातून कळलं. त्यानंतर दर महिन्याला म्हातारी कचेरीत यायची. खिडकीशी उभी राहून विचारायची, "सुनेचं काही कळलं का?" खिडकीवरची मुलगी म्हणायची, "आजी, ते आमच्याकडं येत नाही हो." सुनेचं पुढं काय झालं, हे मला खरोखरच ठाऊक नाही. ठाऊक असतं तर मी लपवलं नसतं.

साहेब निवृत्त झाले. निरोपाच्या समारंभात सगळ्यांनी त्यांच्या दयाळूपणाची तोंडभरून स्तुती केली. ते हार घालून घेताना चार नंबरच्या खोलीकडं एकदाही बघेनात. मास्तरांनी आधीच काम सोडलं होतं. मग नवी यंत्रं आली, ज्यांना कॅसेट लागत नाही. माझी रवानगी तळघरात, तिथून तुमच्या शाळेत. कचेरीतली आणखीही बरीच माणसं त्या तक्त्यात दोन मिनिटं लिहीत राहिली, हे मी निघेपर्यंत पाहत होतो.

मित्रांनो, जुन्या वस्तू आपल्या गोष्टीच्या शेवटी सांगतात, आमच्यावरची धूळ पुसा, आम्हाला जपा. मला तसलं काही नको. खुशाल बटणं दाबा, ओरडा, एखादं मोडलंत तरी चालेल. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्यातलं कुणीतरी उद्या अशाच एखाद्या टेबलामागं बसेल. समोर दुसऱ्या देशातलं माणूस बसलेलं असेल आणि त्याचं सगळं आयुष्य तुमच्या एका ओळीवर टांगलेलं असेल. तेव्हा त्याला पाणी जरूर द्या, पण जे घडलं तेच लिहा. आणि चूक झालीच, हातून सुटलंच काही, तर मनातल्या मनात हळहळू नका. हळहळ मी पुष्कळ पाहिली, तिनं कुणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही. दार उघडं असेल तोवर उठा, आत जा आणि सांगा.

कारण त्या दिवशी नंतर ते दार बंद झालं. जिन्यात आम्हाला त्याचा आवाज आला, आणि साहेब एक पायरी उतरता उतरता थांबले, मग पुन्हा उतरू लागले.